जुन्या मोटारीचीं चाकें काय सांगतात

मोटार जुनी झाली म्हणजे लोक प्रथम इंजिनाचा आवाज ऐकतात. आमच्या मतें प्रथम चाकें पाहावीं. इंजिन बंद पडलें तर गाडी रस्त्याच्या कडेस उभी राहील. स्टिअरिंगचा सांधा निखळला तर ती कोठें जाईल, हें चालकाच्या हातीं उरत नाहीं.

उदाहरणासाठीं प्रीमियर पद्मिनी घेऊं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या कंपनीची ही गाडी कुर्ल्यास तयार होत असे. त्याच कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर होता. मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली, तरी हौशी कुटुंबांनीं जपलेल्या कांहीं गाड्या अजून दृष्टीस पडतात. तिचें पुढचें प्रत्येक चाक किंगपिन नांवाच्या उभ्या खिळीवर डावीउजवीकडे वळतें. या खिळीस ग्रीस न मिळाल्यास ती व तिच्याभोंवतालचें बुश झिजतें. पावसाळ्यांत चिखलपाणी ग्रीस धुऊन नेतें, आणि ठाणें-कल्याणचे खड्डे उरलेलें काम करितात.

परीक्षा विद्यार्थ्यांनीं वडीलधाऱ्यांसमवेतच पाहावी. सपाट जागीं हातब्रेक ओढून मागच्या चाकांस उटी लावावी, पुढचें चाक जॅकनें उचलून खालीं भक्कम स्टँड द्यावा. मुलांनीं गाडीखालीं मुळींच शिरूं नये. आतां चाक वर व खालीं धरून आंतबाहेर हलवावें. मेकॅनिक ज्यास ‘प्ले’ म्हणतात ती ढिलाई लागली, तर दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावें. ढिलाई नाहींशी झाली तर दोष बेअरिंगांत. तशीच राहिली तर किंगपिनांत किंवा सस्पेन्शनच्या दुसऱ्या सांध्यांत. कारण ब्रेक दाबतांच चाक आपल्या आधाराशीं जखडलें जातें व बेअरिंगची हालचाल थांबते. एवढ्यानें नको त्या भागाचा खर्च वांचतो! तेंच चाक डावीउजवीकडून धरून हलविल्यास टाय-रॉडच्या टोंकांची ढिलाई कळते. सांध्यावर हात ठेवावा. डोळ्यांस न दिसणारी टकटक बोटांस लागते.

टायरही बोलतो. एकच कड झिजली असेल तर चाकाचा कल बिघडला आहे, आणि पद्मिनींत त्याचें मूळ पुष्कळदां किंगपिनांतच सांपडतें. हात फिरवितां रबर एका दिशेनें गुळगुळीत व उलट दिशेनें करवतीसारखें लागलें, तर पुढचीं चाकें परस्परांशीं सरळ नाहींत. मधूनमधून खळगे असतील तर शॉक ॲब्सॉर्बर थकला किंवा चाकाचा तोल गेला. गाडीचा कोपरा दाबून सोडला असतां ती डोलतच राहिली, तर पहिलीच शंका खरी. झिजलेले सांधे न बदलतां नुसतें अलाइनमेंट करून आणणें आम्हांस व्यर्थ वाटतें. ढिल्या सांध्यांवर घेतलेलें माप पहिल्याच खड्ड्यांत बिघडतें.

मागच्या कमानींचे पाटे तुटलेले नाहींत ना, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.

घोडबंदर किंवा शीळ रस्त्यानें रोज जाणाऱ्यांनीं पावसाळा सरतांच ही तपासणी करावी. टाय-रॉडचा सांधा ढिला आढळल्यास गाडी गॅरेजपर्यंतही चालवीत नेऊं नये. मेकॅनिकास घरीं बोलवावें.