निशिगंधाची नुसती पात

निशिगंध फुलत नसेल तर खत, माती, पाणी सगळं राहू द्या, आधी कंद उकरून बघा. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर एक अख्खा हंगाम आणि बराचसा मनस्ताप वाचला असता.

नर्सरीवाल्याने कंद दिले ते पुडीत, मातीसकट. वर 'काकू, श्रावणात घरची फुलं देवाला वाहाल' हेही. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र आलं. कुंड्या हिरव्यागार, दांडा एक नाही. फोन केला तर म्हणे, पाणी जास्त होतंय. कमी केलं. मग म्हणे, ऊन पुरत नाही. आमच्या गच्चीवर सकाळपासून चारपर्यंत ऊन असतं, पापड-कुरडया तिथेच वाळतात! मग एक खताची पुडी गळ्यात मारली, तीही पैसे घेऊन. तिने पात आणखी फोफावली. प्रत्यक्ष जाऊन विचारलं, तेव्हा शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, 'काही जणांच्या हातालाच गुण नसतो.' माझ्या हाताला! मोगरा, जास्वंद, दारचा कढीपत्ता याच हातचा आहे. जाऊबाईंना तर एवढंच हवं होतं. सासूबाईंच्या वेळी कशी परसात गुलछडी (म्हणजे हाच निशिगंध) फुलायची, हे मला पुन्हा ऐकावं लागलं.

दिवाळीनंतर चिडून कुंडी वर्तमानपत्रावर पालथी केली. माती झटकली तर मधला मोठा कंद पोचट, बोटाने दाबला की आत जाणारा. त्याच्या डोक्यावर वाळलेल्या दांड्याचा तपकिरी खुंट. भोवती लसणाच्या पाकळ्यांएवढी पिल्लं, आणि पात सगळी त्या पिल्लांची. दुसऱ्या कुंडीतही तेच. माझ्याकडे एकही दांडा आला नव्हता, मग हा खुंट आला कुठून? कंद आधीच कुणाच्या तरी मळ्यात फुलून गेलेला होता. निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो, पुढची फुलं त्याच्या पिल्लांना, तीही पोसल्यावर. म्हणजे मला चोथा विकला होता आणि वर दोष माझ्या हाताला दिला होता.

तेव्हा कंद घेताना माती झटकायला लावा. मधे खुंट दिसला तर परत द्या. कंद टणक हवा, जाडी दोन सेंटिमीटर किंवा जास्त; दीडच्या खालचे कंद पहिल्या वर्षी बहुधा पातच देतात. नुकते उकरलेले असतील तर महिनाभर सावलीत पसरून ठेवा, विसावा मिळालेले कंद चांगले उगवतात. लावायचे एप्रिल-मेमध्ये, टोक वर, पाच-सहा सेंटिमीटर खोल. थंडीत विकायला आले तरी तेव्हा लावू नका. त्यानंतर साधारण तीन-साडेतीन महिने धीर धरायचा.

युरिया जपून. नत्र जास्त झालं की पात माजते, माझ्या त्या विकतच्या पुडीने तेच केलं. ऊन भरपूर हवं, कुंडीत पाणी साचू देऊ नका. कीड दिसली तर निंबोळी अर्क फवारा. बाकी नेहमीचंच.

पिल्लं टाकू नका. एका पसरट कुंडीत लावून वर्षभर पोसा, मग ती फुलतात. आणि दोन-तीन वर्षांनी कुंडी गच्च झाली की उकरून मोकळी करा, नाहीतर दांडे बारीक होत जातात.

वास हवा असेल तर एकेरी घ्या. दुहेरी फुलं टपोरी दिसतात, वासाला कमी. वाणाचं नाव विचारा: बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'शृंगार' आणि 'प्रज्वल' एकेरी आहेत, 'सुवासिनी' दुहेरी आणि 'वैभव' निमदुहेरी. नाव विचारल्यावर जो 'सगळी सारखीच हो' म्हणतो, त्याच्याकडून काही घेऊ नये असं माझं मत आहे. पुणे-नगर भागात गुलछडीचे मळे आहेत, कुणी ओळखीचं असेल तर थेट तिथून कंद आणा, तेही आकार बघूनच.

आमच्या इथला तो नर्सरीवाला अजूनही पुड्या स्टेपल करूनच विकतो.