शेजारचा नापास सुटतो कसा?

प्रश्न : मी बी.कॉम. करते आहे आणि हौस म्हणून पायथन शिकते आहे. गुणांच्या लिस्टवर फॉर लूप लावला आणि आत लिहिलं, की ३५ पेक्षा कमी गुण दिसले तर ते रिमूव्ह करायचे. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं, पण कधीकधी एखादा नापास तसाच राहतो. एरर काही येत नाही. तोच लूप पुन्हा चालवला की राहिलेलाही जातो! हा काय प्रकार आहे?

उत्तर : तुमची अट चोख आहे, रिमूव्हही आपलं काम नीट करतं. घोळ एवढाच, की जी लिस्ट वाचायची तीच तुम्ही वाचता वाचता आखूड करता आहात.

फॉर लूप सुरू होताना पायथन लिस्टची प्रत काढून ठेवत नाही. तो फक्त एक आकडा लक्षात ठेवतो : आपण कितव्या जागेवर आहोत. प्रत्येक फेरीत त्या जागेवर जे असेल ते उचलायचं, आकडा एकाने वाढवायचा आणि जागा संपल्या की थांबायचं. रिमूव्ह मात्र मधली जागा रिकामी सोडत नाही. रेशनच्या रांगेतून एक माणूस बाहेर पडला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे येतात, तसं इथे होतं.

आता लिस्ट घ्या : ७२, २८, ३१, ६४, १९. (पायथन शून्यापासून मोजतो, आपण सोयीसाठी एकपासून मोजू.) पहिल्या जागेवर ७२, पास. दुसऱ्या जागेवर २८, काढला. त्याबरोबर ३१ दुसऱ्या जागेवर सरकला, पण लूप तिसऱ्या जागेकडे निघालेला. तिथे त्याला ६४ भेटतो. चौथ्या जागेवर १९, तोही गेला. पाचवी जागा आता उरलीच नाही, म्हणून लूप संपला. हाती राहिले ७२, ३१, ६४. त्या ३१ कडे कोणी पाहिलंच नाही. दुसऱ्यांदा लूप चालवलात की तो सापडतो. पण चार-पाच नापास ओळीने असतील तर दोन फेऱ्याही पुरत नाहीत.

मग बहुतेक वेळा उत्तर बरोबर कसं येतं? मला यातली खरी मेख इथेच वाटते. लिस्ट ७२, २८, ६४, १९ अशी असती तर शेवटी ७२ आणि ६४ उरले असते, अगदी हवे तसे. पण त्यातही ६४ तपासला गेला नव्हताच! तो पास होता म्हणून निभावलं. काढलेल्या प्रत्येक आकड्यानंतरचा आकडा न तपासता सुटतो. तो काढण्याजोगा असेल तेव्हाच चूक डोळ्यांना दिसते. म्हणून असा प्रोग्राम तपासून पाहताना दोन नापास मुद्दाम शेजारी बसवावेत.

पायथनचं वागणंही गमतीचं आहे. डिक्शनरी किंवा सेटवर लूप चालू असताना त्यातलं काही काढलंत, तर पुढच्या फेरीला तो रनटाइम एरर देतो. लिस्टच्या बाबतीत मात्र गप्प. (उलट लूपच्या आतून प्रत्येक फेरीला लिस्टमध्ये भरच घालत राहिलात, तर लूप थांबतच नाही.) जावा जास्त कडक. तिथली ॲरेलिस्ट आपल्यात किती वेळा भर-वजा झाली याची मोजणी ठेवते आणि लूपच्या मधेच ती बदललेली दिसली की कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन फेकते. त्यातही एक फट आहेच : शेवटून दुसरा घटक काढलात तर लूपला वाटतं आपलं काम संपलं, आणि शेवटचा घटक न पाहताच तो निमूट थांबतो. रस्ट तर असा प्रोग्राम कंपाइलच होऊ देत नाही.

उपाय? लिस्टच्या प्रतीवर लूप फिरवून मूळ लिस्टमधून काढलं, तर वरची चूक टळते. इंडेक्स वापरून शेवटाकडून पुढे येत काढलं तरीही टळते, कारण सरकतात ते तपासून झालेलेच. पण दोन्हींत सरकवासरकव होतेच. एक लाख आकड्यांतले एकाआड एक काढायचे म्हटले, तर उलट्या लूपमध्येसुद्धा सव्वाशे कोटींच्या आसपास जागाबदल होतात. संगणक ते गठ्ठ्याने हलवतो म्हणून फार जाणवत नाही, इतकंच.

मी सरळ उलटा विचार करीन : नापास काढू नका, पास उचला. चौकटी कंसात एका ओळीत लिहायचं, की या लिस्टमधले ३५ किंवा त्याहून जास्त असलेले सगळे गुण घे. याला लिस्ट कॉम्प्रिहेन्शन म्हणतात. पायथनमध्ये ही सोय २००० सालच्या २.० आवृत्तीपासून आहे. प्रत्येक आकडा एकदाच पाहिला जातो आणि मूळ लिस्टला धक्का लागत नाही. यातून नवी लिस्ट तयार होते, एवढं मात्र ध्यानात ठेवा. प्रोग्रामच्या दुसऱ्या भागानेही जुनीच लिस्ट धरून ठेवली असेल तर त्याला हा बदल कळणार नाही. तसं असेल तर बरोबर चिन्हाच्या डावीकडे लिस्टच्या नावापुढे चौकटी कंसात नुसता कोलन लिहा. मग निवडलेले गुण त्या जुन्याच लिस्टमध्ये भरले जातात.