शिबिराच्या वेळा लावताना

भाचीबाई, यंदा मंडळाचं रक्तदान शिबिर तू हातात घेतलंस आणि नावनोंदणी स्लॉटवर करायचं ठरवलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. फलकावर 'सकाळी नऊ ते दोन, सर्वांनी यावे' एवढंच लिहिलं, की साडेदहाला झुंबड उडते आणि साडेबाराला परिचारिका हात बांधून बसतात. वेळा वाटून दिल्या तर हे टळतं. पण त्या कशा लावायच्या, ते आधी ऐकून घे.

सगळे जण हिशेब खाटांपासून सुरू करतात. सहा खाटा, माणशी दहा मिनिटं, म्हणजे तासाला छत्तीस जण. मांडवात असं कधी होत नाही. रक्त निघायला पाच-दहा मिनिटंच लागतात, पण खाटेवर जायच्या आधी माणूस फॉर्म भरतो, वजन करतो, बोट टोचून हिमोग्लोबिन बघून घेतो आणि मग डॉक्टरांपुढे बसतो. डॉक्टर रक्तदाब घेतात, औषधं चालू आहेत का विचारतात, कावीळ, ऑपरेशन, टॅटू सगळं विचारतात. आणि डॉक्टर बहुतेक शिबिरांत एकच असतात. शिबिराचा वेग ठरतो तो त्यांच्या टेबलावर. तिथे घाई केलेली मला अजिबात चालत नाही. दात्याची आणि पुढे ते रक्त ज्याला चढणार त्याची, दोघांची काळजी त्या चार प्रश्नांत असते.

औषध नियमांच्या परिशिष्टात याचं माप दिलेलं आहे. एक वैद्यकीय अधिकारी, सहा ते आठ टेबलं सांभाळायला दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवक, दोन मदतनीस. एवढ्या पथकाने तीन तासांत 50 ते 70, किंवा पाच तासांत 100 ते 120 जणांचं रक्त घ्यावं. म्हणजे तासाला वीस-बावीस, पंधरा मिनिटांच्या स्लॉटला पाच. तू फॉर्मवर चारच जागा दाखव. पाचवी हातात ठेव, न सांगता येणाऱ्यांसाठी. पेपर टाकणारा मुलगा, शेजारच्या इमारतीचा वॉचमन, भाजी घ्यायला निघालेले आणि मांडव बघून थांबलेले काका, हे कुठली लिंक उघडून येत नाहीत, आणि त्यांना 'आधी बुकिंग केलंय का' असं विचारायची वेळ आपल्यावर येऊ नये. तारीख ठरवतानाच रक्तपेढीला फोन करून पथकात किती जण येणार ते पक्कं करून घे. निम्मं पथक येणार असेल तर जागाही निम्म्या.

पहिला स्लॉट पथकाच्या यायच्या वेळेवर ठेवू नकोस. गाडी रहदारीत अडकते, सामान उतरवायचं असतं, खाटा मांडायच्या असतात, वजनकाटा बघायचा असतो. पाऊण तास सोड. आणि दुपारी एकच्या सुमारास अर्धा तास संपूर्ण रिकामा ठेव. पथकाला जेवायला लागतं. सकाळपासून वाकून सुया टोचणाऱ्या मुलींना कोपऱ्यात उभ्याने वडापाव खायला लावणारी मंडळं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचा राग येतो.

आता कोणाला कुठली वेळ. कालनिर्णय उघडूनच तारीख धर. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार या दिवशी अर्धी वस्ती उपाशी असते, आणि रिकाम्या पोटी रक्त देता येत नाही. एरवीही सकाळच्या स्लॉटखाली 'नाश्ता करूनच या' असं ठळक लिही. रात्रपाळी करून आलेल्याला सकाळची वेळ देऊ नकोस, झोप काढून दुपारी येऊ दे. रक्त देऊन लगेच गाडी चालवायला किंवा परांचीवर चढायला जाणारा असेल, तर त्याला सुट्टीच्या दिवसाचीच वेळ सुचव. बायकांना बहुधा अकरानंतर सवड होते, तिथल्या जागा सकाळीच पुरुषांनी भरून टाकू नयेत, एवढं बघ. चार मित्र एकत्र येतो म्हणाले तर एकाच स्लॉटला घाल. पहिल्यांदा देणाऱ्याच्या शेजारच्या खाटेवर नेहमीचा दाता असला, तर निम्मी भीती तिथेच जाते.

स्लॉटची वेळ सुई काढली की संपली, असं मात्र समजू नकोस. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते यानंतरच्या पाव तासाबद्दल. एखादा कॉलेजचा पोरगा, पहिलीच वेळ. कापसाचा बोळा दाबून धरलेला असतो, अंगात उत्साह मावत नसतो. 'मला काही झालं नाही' म्हणत तो ताडकन उठतो, प्रमाणपत्र घेऊन बॅनरपुढे फोटोला उभा राहतो. आधी ओठ पांढरे पडतात. मग कपाळावर घामाचे थेंब येतात, जांभई येते, हाक मारली तर उत्तर उशिरा येतं. तेवढ्यात कोणी धरलं तर ठीक, नाहीतर तो तिथेच कोसळतो. त्याला आडवं करायचं, पाय उंच करायचे, भोवतीची गर्दी हटवायची, डॉक्टरांना हाक मारायची. पण हे घडूच नये म्हणून अल्पोपाहाराच्या कोपऱ्यात खुर्च्या किती ठेवायच्या याचा हिशेब आधीच कर. तासाला वीस दाते आणि प्रत्येकाला पाव तास, म्हणजे एका वेळी पाच-सहा जण बसलेले असणार. आठ खुर्च्या मांड, पाठीच्या, स्टुलं नकोत. प्रमाणपत्राचं टेबल या खुर्च्यांच्या पलीकडे लाव, म्हणजे सरबत-बिस्किटं घेऊन बसल्याशिवाय कोणी तिथे पोचणारच नाही. तिथे एक बोलकी, लक्ष असलेली बाई बसव. तुझ्या सासूबाई चालतील.

लिंक कधी उघडायची, यालाही महत्त्व आहे. 2021 च्या मे महिन्यात लसीचे स्लॉट आठवतात ना? 18 ते 44 वयाच्यांसाठी कोविनवर जागा दिसायच्या आणि बघता बघता संपायच्या. शहरातली माणसं गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रांवर पोचली, आणि त्या गावचे लोक दारात उभे राहिले. ज्याच्या हातात चांगला फोन आणि वेगाचं नेट, त्याची वेळ पक्की. आपल्याकडे तसं होता कामा नये. निम्म्या जागा लिंकवर ठेव, उरलेल्या वहीत. ती वही चाळीचाळीत फिरव, किराणा दुकानात ठेव. फोनवर नाव सांगितलं तरी लिहून घे. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना निरोप गेला पाहिजे: वेळ, ठिकाण, जेवून या, पाणी प्या, येणं जमत नसेल तर कळवा. ज्याच्याकडे व्हॉट्सॲप नाही त्याला फोन कर. न येणाऱ्याला दोष देऊ नकोस. नाही म्हणणं सोपं केलंस तर लोक आपणहून कळवतात, आणि ती जागा दुसऱ्याला देता येते.

फॉर्मवर नाव, फोन, वय, आणि याआधी रक्त कधी दिलं, एवढंच विचार. पुरुषाला दोन वेळांत 90 दिवसांचं अंतर लागतं, बाईला 120 दिवसांचं. वजन 45 किलोच्या खाली किंवा हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असेल तर देता येत नाही, हेही लिंकवरच सांग, म्हणजे हेलपाटा वाचेल. तरी काही जण परत जातीलच, बायका जास्त. हिमोग्लोबिन कमी निघालेल्या बाईला टेबलावरून मोठ्याने सांगू देऊ नकोस. तिला बाजूला बसव, सरबत दे, आणि तपासणी कुठे करून घ्यायची ते हळू आवाजात सांग. यादी ग्रुपवर टाकायची नाही. कोण का परत गेलं हे डॉक्टरांपाशी राहू दे.

आणि विक्रमाच्या मागे लागू नकोस. एका दिवसात पाचशे पिशव्या, असले बॅनर मला पाहवत नाहीत. लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. गणपतीत सगळी मंडळं एकदम शिबिरं घेतात, मग एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, माणसं गावी, आणि थॅलेसेमियाच्या मुलांचे आईवडील रक्तपेढीच्या दारात ताटकळतात. त्या मुलांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागतं, उन्हाळा असो की दिवाळी. म्हणून रक्तपेढीला विचार, तुम्हाला किती पिशव्या हव्यात. त्यांनी साठ म्हटलं तर साठच जागा उघड. उरलेल्या नावांना सरळ सांग की तुमची वेळ मे महिन्यात, आणि त्याच वहीत पुढच्या पानावर लिहून ठेव. भाद्रपदात देणारे पुरुष मार्गशीर्षापासून पुन्हा मोकळे होतात, बायका पौषापासून. त्यांनाही उन्हाळ्याची वेळ तिथेच विचारून घे. खुर्चीत बसलेला माणूस तेव्हा नाही म्हणत नाही.

शेवटचा स्लॉट गाडी निघायच्या तासभर आधी संपव. पिशव्या वेळेत रक्तपेढीत पोचल्या तरच त्यांतून प्लेटलेट्स वेगळ्या काढता येतात, आणि डेंग्यूच्या दिवसांत त्यांचीच ओढ असते. अध्यक्षांचं भाषण लांबलं, तरी गाडी थांबवायची नाही.