लीलाबाईंचे घर आणि सखूचा खांब

सज्जनहो, या खेपेस निरूपणाला अभंग नाही, सिनेमा घेतला आहे. कुणी कपाळाला आठी घालील. खुशाल घालावी, पण शेवटपर्यंत वाचावे.

वारीत वाल्ह्याच्या मुक्कामी हरिपाठ आटोपला आणि राहुटीत पोरे मोबाईलवर 'अशी ही बनवाबनवी' बघत बसली. आमच्या दिंडीतले एक म्हातारे माळकरी रागे भरायला म्हणून गेले, ते तिथेच मांडी घालून बसले. मग मीही टेकलो. आता बसलोच आहोत, तर पदरात काही पाडून घ्यावे की नाही?

१९८८ सालचे हे चित्र. दिग्दर्शन सचिन यांचे, संवाद वसंत सबनीसांचे. पुण्यात चौघांना जागा मिळेना. लीलाबाई काळभोरांचा नेम असा, की खोली द्यायची ती लग्न झालेल्या जोडप्यालाच. झाले! परशा लुगडे नेसून धनंजय मान्यांची पार्वती झाला आणि सुधीर झाला शंतनूची सुधा. देह हे भाड्याचे घर, हा दृष्टांत तुम्ही शंभरदा ऐकला आहे. तो पुन्हा लावीत नाही.

मला गोडी वाटली ती दुसऱ्याच जागी. मालकिणीपुढे बायकोची ओळख करून देताना मान्यांच्या तोंडून 'ही'च्या जागी 'हा' निघून जातो. लुगडे पक्के, पदर नीट, पण जीभ फितूर! जिभेला जे रोजचे वळण, तेच ऐन वेळी बाहेर पडते. नाम रोज घ्या म्हणून संत कंठशोष करतात, तो काय उगीच?

आता कुणी शंका घेईल, की सोंग घेणे हेच मुळात पाप. तसे म्हणावे तर आधी पांडुरंगालाच जाब विचारावा लागेल. कऱ्हाडची सखू पंढरीला गेली, तेव्हा तिच्या जागी खांबाला बांधून घेतले कुणी? सासूच्या घरी लुगडे नेसून दळण-कांडण, पाणी-शेणी केली कुणी? परशाने तर पार्वती होऊन डोहाळजेवणापर्यंत मजल नेली; पण देवाचे सोंगही काही कमी नाही. फरक एवढाच, की परशाने लुगडे नेसले ते आपल्या डोक्यावर छप्पर यावे म्हणून, आणि देवाने नेसले ते दुसरीची वारी घडावी म्हणून.

पैशाचेही तसेच. दामाजीपंतांसाठी देव विठू महार झाला, बेदरास जाऊन बादशहाचे पैसे भरले आणि वर रीतसर पावती घेतली. आणि आमचे धनंजयराव? जुन्या घरमालकाकडून औषधाला सत्तर रुपये घेतले, आणि औषध मागताच ते पैसेच वारले म्हणून मोकळे! इथे राहुटीत सगळ्यांत मोठ्याने हसलो तो मी. हसताना आठवले, की दिंडीच्या भिशीचा माझा हिशेब दोन महिने द्यायचा राहिला आहे. तो दुसऱ्या दिवशी लोणंदला पोहोचल्यावर दिला.

सिनेमा संपला. पोरे पांगली. कोपऱ्यात तुळस जवळ घेऊन एक आजी बसल्या होत्या. त्यांनी सगळे पाहिले होते. म्हणाल्या, "बुवा, सखूच्या सासूला देवाचा सहवास तरी घडला. या लीलाबाईनं सुना म्हणून माया लावली, ती कुणावर? तिचं काय?"

मी म्हटले, "आजी, माया तर खरी होती ना?"

"खरी होती म्हणूनच इचारते," आजी म्हणाल्या, आणि तुळशीला पाणी घालायला उठल्या.