दारिद्र्याची साक्ष आणि कुलवृत्तांत : जोसेफ प्लम मार्टिन

कुलवृत्तांत म्हटला की मूळ पुरुष, त्याचे स्थलांतर, त्याने संपादन केलेली जमीन आणि पुढे विस्तारलेल्या शाखा असा क्रम मराठी वाचकाच्या मनात उभा राहतो. मराठी दप्तरांतील करीने आणि कैफियती पुष्कळदा याच क्रमाने बोलतात. कारण त्यांतील वंशकथा वतनावरचा हक्क सिद्ध करण्यासाठी सांगितलेली असते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील (१७७५–१७८३) अनेक सामान्य सैनिकांची कुटुंबे सरकारी दप्तरात आली ती मात्र निराळ्या वाटेने. त्यांना सिद्ध करावयाचे होते ते आपले दारिद्र्य.

१८१८ च्या कायद्याने काँटिनेंटल सैन्यात निदान नऊ महिने किंवा युद्धाच्या अखेरपर्यंत राहिलेल्या गरजू शिपायास दरमहा ८ डॉलर निवृत्तिवेतन देऊ केले. अर्जांची संख्या अपेक्षेबाहेर वाढल्यावर १८२० साली प्रत्येकाकडून मालमत्तेची शपथपूर्वक यादी मागविण्यात आली. यादीबरोबर अर्जदार घरातील माणसे, त्यांची वये आणि दुखणीही नोंदवू लागले. १८३६ च्या कायद्याने विधवांना हक्क मिळाला, तेव्हा विवाहाच्या पुराव्यासाठी घरच्या बायबलातील जन्म-विवाहांच्या नोंदींची पाने फाडून अर्जास जोडली गेली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ती आजही आढळतात.

जोसेफ प्लम मार्टिन याचा जन्म १७६० साली मॅसॅच्युसेट्समधील बेकेट येथे झाला. वडील येलमध्ये शिकलेले धर्मोपदेशक होते. परंतु मुलगा वाढला तो कनेक्टिकटमध्ये, आईच्या माहेरी, आजोबांच्या शेतावर. १७७६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षापूर्वीच, तो सैन्यात शिरला आणि थोडा खंड वगळता १७८३ पर्यंत राहिला. पुढे तो मेनमध्ये स्थायिक झाला. १७९४ साली त्याने लूसी क्लूली हिच्याशी विवाह केला. त्यांना पाच मुले झाली.

ज्या जमिनीवर त्याने घर मांडले तिच्यावर हेन्री नॉक्स यांनी मालकी सांगितली. नॉक्स म्हणजे वॉशिंग्टन यांच्या तोफखान्याचे प्रमुख आणि पुढे युद्धमंत्री. त्यांचा दावा पत्नीच्या वारशावर आधारलेला होता. तिचे मातामह सॅम्युएल वॉल्डो यांच्याकडे या प्रदेशाची विस्तीर्ण सनद होती. तिचे वडील मात्र इंग्रज राजाच्या पक्षाचे. राजनिष्ठांच्या घराण्यातील मालमत्ता अशा रीतीने क्रांतिपक्षाच्या सेनापतीकडे आली. १७९७ साली नॉक्स यांचा दावा ग्राह्य ठरला आणि जमिनीचे मोल देण्याची ऐपत नसलेल्या मार्टिनच्या हातून ती हळूहळू निसटली. एकाच युद्धातील दोघांपैकी एकाला मातामहाकडून आलेली वंशपरंपरा जमीन मिळवून देते. दुसऱ्याला मातामहाकडून मिळाले ते केवळ बालपणीचे छत्र.

१८१८ साली मार्टिनने अर्ज केला तेव्हा त्याच्याजवळ जमीन उरली नव्हती. वय आणि अशक्तपणा यांमुळे आपल्या हातून मजुरी होत नाही, पत्नी संधिवाताने आजारी आहे, मुले पाच आहेत, असे त्याने सांगितले. वार्षिक ९६ डॉलर मंजूर झाले. या साक्षीत वंशाचा मोठेपणा नाही. पत्नी येते ती आजारी म्हणून आणि मुले येतात ती खाणारी तोंडे म्हणून. येलशिक्षित पित्याचा तेथे उपयोग नाही. कागदाने जे विचारले तेवढेच तो सांगतो.

१८३० साली मेनमधील हॅलोवेल येथे मार्टिनचे युद्धकथन लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाले. त्यात आजोबा आहेत, भूक आहे, थकलेला पगार आणि न मिळालेली जमीन यांबद्दलचा संताप आहे. पण कथन १७८३ पाशी थांबते आणि लूसीचा संसार त्याबाहेरच राहतो. अर्जात कुटुंब आहे, पण युद्ध केवळ सेवेच्या तपशिलापुरते. ग्रंथात युद्ध आहे, पण कुटुंब नाही. म्हणून दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज या घराचा वृत्तांत पुरा होत नाही.

१८५० साली मार्टिन निवर्तला. १९६२ साली नव्या संपादित आवृत्तीमुळे त्याचे कथन पुन्हा वाचकांसमोर आले. करीना असो वा निवृत्तिवेतनाचा अर्ज, कौटुंबिक इतिहासाच्या अभ्यासकाने आधी पाहावयाचे ते हे, की हा कागद कोणापुढे आणि काय मिळविण्यासाठी लिहिला गेला. त्यात कोण आले आणि कोण राहून गेले, याचा उलगडा तेथूनच होऊ लागतो.