छोट्या विमानाच्या पुस्तिकेतील आपत्कालीन सूचना आणि त्यांची दुरुस्ती

बेळगाव, बारामती, गोंदिया, इंदूर अशा ठिकाणी वैमानिकांना शिक्षण देणारी छोटी विमाने आसपासच्या शेतांवरून उडताना ग्रामस्थांच्या दृष्टीस पडतात. दोन किंवा चार माणसे बसतील एवढे हे विमान. त्याला बहुधा एकच इंजिन, आणि पुष्कळदा आत एकटा विद्यार्थी. अशा विमानात वैमानिकाच्या हाताशी एक पुस्तिका सदैव असते. इंजिन बंद पडले, धूर निघाला, वीज गेली, तर काय करावे हे तीत क्रमवार छापलेले असते. संकटात सापडलेल्या मनुष्यास विचार करण्यास अवधी नसतो. तो छापील ओळीवर भरवसा ठेवतो व तसे वागतो. ती ओळच अपुरी, चुकीची अथवा कालबाह्य असेल तर काय घडते, आणि ती दुरुस्त कशी करतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखी सूचनांवर ज्यांचे काम चालते अशा सर्वांनाच, मग ते शाळेतील शिक्षक असोत वा कार्यालयातील अधिकारी, हा विषय उपयोगी पडण्यासारखा आहे.

पुस्तिकेचा उगम व स्वरूप

विमानात तपासणीची यादी ठेवण्याची प्रथा एका अपघातातून रूढ झाली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात बोइंग कंपनीचे २९९ क्रमांकाचे नवे बॉम्बफेकी विमान चाचणीच्या वेळी उड्डाण होताच कोसळले व त्यात दोघांचा मृत्यू झाला. विमान उभे असताना वाऱ्याने त्याची शेपटीकडील पाती हलू नयेत म्हणून लावलेली अडकण उड्डाणापूर्वी काढावयाची राहून गेली होती. विमान चालविणारे अनुभवी होते. अनुभवी माणूसही विसरतो, हे ओळखून कामांची लेखी यादी तयार करण्यात आली, आणि पुढे ती सर्वत्र मान्य झाली.

छोट्या विमानांच्या पुस्तिका प्रारंभी प्रत्येक कारखानदार आपापल्या पद्धतीने छापीत असे. १९७५ साली अमेरिकेतील विमान-उत्पादकांच्या संघटनेने या पुस्तिकांचा एक सामायिक आराखडा ठरविला. त्याप्रमाणे पुस्तिकेची नऊ प्रकरणे असतात : सर्वसाधारण माहिती, मर्यादा, आपत्कालीन कृती, नेहमीच्या कृती, कार्यक्षमता, वजन व समतोल, यंत्रणांचे वर्णन, निगा व देखभाल, आणि पुरवण्या. एका विमानातून दुसऱ्या विमानात जाणाऱ्या वैमानिकास आपत्कालीन कृती तिसऱ्या प्रकरणातच सापडावी, ही त्यामागील दृष्टी होय.

तिसऱ्या प्रकरणातील सूचना कशा असतात हे एका उदाहरणावरून पाहू. सेस्ना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बनविले गेलेले छोटे विमान आहे. त्याच्या कार्ब्युरेटर असलेल्या एका जुन्या प्रकाराच्या पुस्तिकेत, उडताना इंजिन बंद पडल्यास करावयाच्या कृतींचा क्रम असा आहे : प्रथम वेग ताशी ६५ सागरी मैल ठेवावा, मग कार्ब्युरेटरला गरम हवा द्यावी, पेट्रोलची कळ दोन्ही टाक्यांवर असल्याची खात्री करावी, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण पूर्ण करावे, त्यानंतर ठिणगीची कळ पाहावी.

या क्रमाला कारणे आहेत. वेग पहिला, कारण तो फार कमी झाल्यास पंखांची उचल नाहीशी होते व विमान ताब्यात राहत नाही. गरम हवा दुसरी, कारण पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटरमधील हवा इतकी थंड होते की, बाहेर उबदार पण दमट हवा असतानाही आत बर्फ धरून इंजिनाचा श्वास कोंडू शकतो. ताशी ६५ सागरी मैल म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर. या वेगाने इंजिनाविना तरंगत येणारे हे विमान एक मीटर खाली येईपर्यंत सुमारे नऊ मीटर पुढे जाते. म्हणजे जमिनीपासून १,००० फुटांवर इंजिन थांबले तर वैमानिकास सुमारे पावणेतीन किलोमीटरचे अंतर व अवघी ८० सेकंदे मिळतात. तेवढ्या अवधीत मोकळे शेत निवडावयाचे, इंजिन पुन्हा सुरू करून पाहावयाचे आणि उतरावयाचे. यावरून प्रत्येक ओळीचे मोल ध्यानात यावे.

सॅनफर्ड येथील अपघात

आता एका अपुऱ्या सूचनेचे परिणाम पाहू. १० जुलै २००७ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात सेस्ना ३१० आर जातीचे दोन इंजिनांचे एक छोटे विमान डेटोना बीच येथून लेकलँडकडे निघाले. उड्डाणानंतर सुमारे दहा मिनिटांनी वैमानिकाने आत धूर झाल्याचे रेडिओवरून कळविले व विमान जवळच्या सॅनफर्ड विमानतळाकडे वळविले. ते तेथवर पोहोचू शकले नाही. ते वस्तीवर कोसळले. विमानातील दोघे आणि जमिनीवरील घरांत असलेले तिघे, असे पाच जण मरण पावले.

चौकशीत आदल्या दिवसाची हकीकत उजेडात आली. ९ जुलै रोजी हेच विमान चालविणाऱ्या दुसऱ्या वैमानिकास जळका वास आला होता. त्याने हवामान-रडार बंद केले व त्या यंत्राचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवला, वास थांबला. उतरल्यावर त्याने हा बिघाड लेखी कळविलाही. तथापि बिघाड न शोधता, न दुरुस्त करता विमान दुसऱ्या दिवशी उड्डाणास देण्यात आले. ज्ञात बिघाड असलेले विमान उडू देणे व ते उडविणे, हेच चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताचे संभाव्य कारण ठरविले.

परंतु मंडळ तेथेच थांबले नाही. ओढून ठेवलेला ब्रेकर पुन्हा आत कसा गेला, असा प्रश्न त्याने विचारला. उत्तर नेहमीच्या यादीत सापडले. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत सर्व ब्रेकर आत असल्याचे पाहावयाचे असते. बाहेर आलेला ब्रेकर का बाहेर आला असेल, याबद्दल सावधगिरीचा शब्द तेथे नव्हता. यादीबरहुकूम काम करताना ब्रेकर बहुधा दाबला गेला, आणि सदोष तारेत वीज पुन्हा खेळू लागली.

सर्किट ब्रेकर काय सांगतो?

येथे ब्रेकरचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे. तारेतून मर्यादेपेक्षा अधिक वीजप्रवाह वाहू लागला की तार तापते. तिचे वेष्टण वितळण्यापूर्वीच प्रवाह तोडावा यासाठी ब्रेकर असतो. तो आपणहून बाहेर आला याचा अर्थ मार्गात कोठे तरी दोष आहे, एवढा स्पष्ट आहे. तो पुन्हा दाबल्याने दोष जात नाही; दोषाला वीज मात्र मिळते. जमिनीवर अशी चूक झाल्यास घराबाहेर पळता येते. आकाशात तो मार्ग नाही.

मोठ्या प्रवासी विमानांच्या बाबतीत हा धडा आधीच शिकला गेला होता. २००४ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने उड्डाणातील आगीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध करून ब्रेकर पुन्हा दाबण्यातील धोका सांगितला होता. छोट्या विमानांच्या पुस्तिकांपर्यंत मात्र तो पोहोचला नव्हता. सॅनफर्डच्या अपघातानंतर मंडळाने शिफारस केली, आणि जानेवारी २०१० मध्ये प्रशासनाने छोट्या विमानांसाठी माहितीपत्रक काढले. त्याचे सार असे : उड्डाणात अनावश्यक उपकरणाचा ब्रेकर पुन्हा दाबू नये. आवश्यक उपकरणाचा दाबणे भाग असल्यास किमान एक मिनिट थांबावे, धूर वा जळका वास उरलेला नसावा, आणि एकदाच दाबावा. पुन्हा बाहेर आल्यास तसाच राहू द्यावा. कोणती उपकरणे आवश्यक ती आधीच ठरवून ठेवावी आणि हा मजकूर पुस्तिकेत व यादीत घालावा. हवामान-रडार म्हणजे काही विमान हवेत ठेवणारे यंत्र नव्हे. ते बंद असते तरी विमान उडाले असते.

जुनी शिकवण उलटते तेव्हा

काही वेळा सूचनेत भर घालून भागत नाही. ती उलट करावी लागते. थंड ढगांतून जाताना पंखांच्या पुढील कडेवर बर्फ साचतो. तो फोडण्यासाठी काही विमानांच्या कडेला रबरी पिशव्या बसविलेल्या असतात. त्यांत हवा भरली की त्या फुगतात व बर्फ तडकून पडतो. पिशव्या लवकर फुगविल्यास त्यांच्यावर बर्फाची पोकळ कमान तयार होईल व मग ती फुटणार नाही, अशी समजूत होती. म्हणून पाव ते अर्धा इंच बर्फ जमेपर्यंत थांबावे, असे वैमानिकांना शिकविले जाई व अनेक पुस्तिकांत तसे छापलेलेही होते. आधुनिक पिशव्यांच्या बाबतीत अशी कमान आढळून आली नाही. उलट बर्फाचा पातळ थरदेखील पंखांची उचल घटवितो असे दिसून आले. म्हणून २००८ साली उपरोक्त मंडळाने इशारा दिला की, बर्फ धरण्याजोग्या हवेत शिरताच पिशव्या सुरू कराव्या.

मात्र त्या इशाऱ्यातही एक अपवाद ठेवावा लागला : विमानाच्या पुस्तिकेत स्पष्टपणे वेगळे सांगितले असल्यास पुस्तिका पाळावी. हे योग्यच होते, कारण वैमानिकाने मनाने पुस्तिका मोडू लागणे हा त्याहून मोठा धोका आहे. पण यावरून हेही सिद्ध होते की, जोवर पुस्तिकेतील ओळ बदलत नाही तोवर नवे ज्ञान विमानात शिरत नाही.

दुरुस्तीची पद्धत

पुस्तिकेतील मजकूर मुख्यतः तीन मार्गांनी बदलतो. पहिला मार्ग, उत्पादक स्वतः सुधारित पाने काढतो. बदललेल्या मजकुरालगत समासात उभी रेघ असते, पानावर तारीख असते, आणि प्रारंभी चालू पानांची सूची असते. दुसरा मार्ग उड्डाणयोग्यता आदेशाचा. धोका गंभीर असल्यास सरकारी प्राधिकरण आदेश काढते, व नेमून दिलेला मजकूर पुस्तिकेत घालणे बंधनकारक होते. तिसरा मार्ग माहितीपत्रकाचा; ते सल्ला देते, सक्ती करीत नाही. २०१० चे ब्रेकरविषयक पत्रक या तिसऱ्या प्रकारचे होते, म्हणून त्याचा स्वीकार मालकांच्या व शिक्षकांच्या दक्षतेवर राहिला.

ज्या देशात विमानाची रचना झाली तेथील प्राधिकरणाचे आदेश, विमान जेथे नोंदलेले आहे त्या देशापर्यंत पोहोचावेत अशी आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय परदेशी बनावटीच्या विमानांबाबत असे आदेश पाळावयास लावते.

एवढे झाले तरी दुरुस्ती पुरी झाली असे मानता येत नाही. नवे पान आले पण जुने काढले नाही, तर एकाच पुस्तिकेत दोन आज्ञा राहतात. मूळ पुस्तिका सुधारली पण गुडघ्यावर बांधावयाची छोटी यादी जुन्याच प्रतीवरून काढलेली राहिली, तर वैमानिक ती जुनीच वाचणार. अनेक जुन्या विमानांचे वेग ताशी मैलात दिलेले असत, नंतरच्यांचे सागरी मैलात; एका विमानाची यादी दुसऱ्यात नेली तर ६५ हा आकडा तोच दिसतो, अर्थ बदलतो. ताशी ६५ मैल म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. सागरी मैलांच्या हिशेबाने होणाऱ्या वेगापेक्षा हा सुमारे १५ किलोमीटर कमी आहे. सुधारणेची खरी कसोटी कार्यालयातील नोंदवहीत पाहावयाची नसते. संकटसमयी माणसाच्या हातात जो कागद येतो, त्यावर पाहावयाची असते.

आपणांस घेण्यासारखा बोध

चांगल्या आपत्कालीन सूचनेची लक्षणे या विवेचनावरून सांगता येतील. ती थोडक्यात असावी. जी कृती जीव वाचविते ती प्रथम असावी. जी कृती अटीवर अवलंबून आहे तिची अट त्याच ओळीत असावी. जे करावयाचे नाही तेही तेथेच लिहिलेले असावे. इतरत्र छापलेला निषेध संकटात आठवत नाही. आणि तिच्यावर सुधारणेची तारीख असावी.

आपल्या घरी, शाळेत वा ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही वीजफलकावरील कळ आपोआप खाली पडते, किंवा फ्यूज जातो. ती कळ वारंवार वर करणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे हा सॅनफर्डचाच दोष लहान प्रमाणावर करणे होय. कळ का पडली हे जाणकारास दाखवावे. शाळेच्या भिंतीवरील आगीसंबंधीच्या सूचना वर्षातून एकदा तरी वाचून पाहाव्यात : त्यांतील दूरध्वनी क्रमांक चालू आहे काय, दाखविलेले दार उघडते काय, सांगितलेली वाळूची बादली जागेवर आहे काय? चूक आढळल्यास नवी सूचना लावावी, आणि जुनी त्याच वेळी काढून टाकावी.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. इंजिन बंद पडल्यावरच्या कृतींत वेगाला पहिले स्थान का दिले आहे?

२. जमिनीपासून ३,००० फुटांवर इंजिन थांबल्यास वर वर्णिलेले विमान सुमारे किती किलोमीटर जाईल व किती वेळ हवेत राहील? (१ फूट = ०.३०५ मीटर)

३. ‘सर्व ब्रेकर आत असल्याचे पाहावे’ ही सूचना सावधगिरीच्या शब्दांसह पुन्हा लिहा.

४. आपल्या शाळेतील एक लेखी सूचना निवडून तिच्यात वरील लक्षणांपैकी कोणती आहेत व कोणती नाहीत, ते सांगा.