आठांच्या जुड्या : संख्येचे गुण व लेखनाचे गुण

एखाद्या संख्येतील अंकांच्या बेरजेला ९ ने नि:शेष भाग गेला, तर त्या संख्येलाही ९ ने भाग जातो, हा नियम मुलांना पाठ असतो. परंतु तसे का होते, असे विचारताच वर्ग गप्प बसतो. ९ या अंकातच काही विलक्षण गुण असावा, अशी कित्येकांची समजूत होते. ती दूर करण्यास अष्टमान पद्धतीचा परिचय फार उपयोगी पडतो.

ही पद्धती अगदीच परकी नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे ६४ पैसे होत. दोन आण्यांची चवली आठ पैशांची असे आणि आठ चवल्यांचा रुपया होई. तेव्हा रुपये, चवल्या व पैसे अशी तीन घरे मांडली की अष्टमान लेखन तयार होते. यात ० ते ७ एवढेच अंक लागतात. कारण आठ पैसे जमताच त्यांची एक चवली होते.

उदाहरणार्थ, १५४ पैसे घ्यावेत. त्यांचे २ रुपये, ३ चवल्या व २ पैसे होतात. म्हणून १५४ ही संख्या अष्टमानात २३२ अशी लिहितात. ती 'दोनशे बत्तीस' अशी न वाचता 'दोन-तीन-दोन' अशी वाचावी.

आता हे पैसे सात मुलांना सारखे वाटावयाचे आहेत. प्रत्येक चवलीतील ७ पैसे वाटले की १ उरतो. प्रत्येक रुपयातील ६३ वाटले की १ उरतो. म्हणजे उरलेले पैसे २ + ३ + २ = ७. तेही सातांत वाटले जातात. सबब १५४ ला ७ ने नि:शेष भाग जातो. दशमानात १० व १०० मधून अनुक्रमे ९ व ९९ काढले असता असाच १ उरतो. तेव्हा अंकांच्या बेरजेची कसोटी हा ९ चा स्वभाव नसून जुडीच्या आकाराचा परिणाम होय. दहाची जुडी असता ती ९ ला लागू पडते, आठाची असता ७ ला.

याउलट काही गुण लेखन बदलले तरी बदलत नाहीत. १३ ही मूळ संख्या अष्टमानात १५ अशी लिहितात. शेवटी ५ दिसला म्हणून तिला ५ ने भाग जात नाही. ती मूळ संख्याच राहते. तसेच ९, २५, ४९ हे विषम संख्यांचे वर्ग अष्टमानात ११, ३१, ६१ असे येतात. प्रत्येकाच्या शेवटी १ आहे, कारण विषम संख्येच्या वर्गाला ८ ने भागल्यास बाकी नेहमी १ राहते. हा गुण संख्येचाच आहे. अष्टमानात तो केवळ उघड दिसतो.

शिक्षकांनी प्रत्येक गटास चिंचोके देऊन आठ-आठांच्या जुड्या व अशा आठ जुड्यांचा एक ढीग करावयास सांगावे. ढीग, जुड्या व सुटे चिंचोके मोजून मुलांनी संख्या लिहावी. नंतर चिंचोके न हलवता तीच संख्या दशमानात लिहावी. काय बदलले व काय तसेच राहिले, हे मुलांनी स्वत: सांगितले म्हणजे पाठाचा हेतू साध्य झाला असे समजावे.